जुन्या गाडीचा अल्टरनेटर: आधी मोजायचा, मग उतरवायचा, मगच उघडायचा

सकाळी चावी फिरवली की नुसता 'टक' आवाज. धक्का मारून गाडी सुरू होते, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. नवी बॅटरी टाकली की काही दिवस बरं चालतं, मग तीही उतरते. अशा वेळी अल्टरनेटरवर, म्हणजे इंजिनच्या जोरावर वीज बनवून बॅटरी भरणाऱ्या यंत्रावर, संशय जाणारच. पण दुरुस्तीला उतरवलेल्या अल्टरनेटरांमध्ये निर्दोष किती निघतात हे पाहिलं की हात आवरता येतो. सैल पट्टा, गंजलेली अर्थची (बॉडीला जोडणारी) तार, डॅशबोर्डवरचा उडालेला बल्ब, फ्यूजच्या टोकावरचा हिरवा थर, यांपैकी काहीही चार्जिंग बंद पाडू शकतं, आणि यांतलं काहीच अल्टरनेटर उघडून सुटत नाही.

खालची माहिती १२ व्होल्टच्या, ऋण टोक बॉडीला जोडलेल्या आणि रेग्युलेटर (व्होल्ट ताब्यात ठेवणारा भाग) अल्टरनेटरच्या पोटात किंवा पाठीवर असलेल्या जुन्या गाड्यांसाठी आहे. २४ व्होल्टच्या गाडीत बॅटरीचे आणि चार्जिंगचे आकडे दुप्पट धरायचे. काही जुन्या गाड्यांत, विशेषतः १९६०च्या दशकापर्यंतच्या ब्रिटिश गाड्यांत, बॅटरीचं धन टोक बॉडीला असायचं आणि अल्टरनेटरच्या जागी डायनामो, म्हणजे थेट डी.सी. वीज देणारं जुनं यंत्र. तुमची गाडी तशी असेल तर हा लेख बाजूला ठेवा. तिथे सरळ अल्टरनेटर जोडला तर त्यातले डायोड (प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारे भाग) त्याच क्षणी जातात.

आत काय चालतं, थोडक्यात

मधे फिरतो तो रोटर. त्याच्या पोटातल्या वेटोळ्याला दोन तांब्याच्या कड्यांमधून, म्हणजे स्लिप रिंगांमधून, थोडासा प्रवाह मिळतो. जास्तीत जास्त चारेक अँपिअर. तो पोचवतात रिंगांवर टेकलेले दोन कार्बन (ब्रश). रोटर त्यामुळे चुंबक बनतो, आणि बाहेरच्या स्थिर स्टेटरच्या तीन वेटोळ्यांत ए.सी. वीज तयार होते. डायोड प्लेटवरचे सहा डायोड तिची डी.सी. करतात. बऱ्याच अल्टरनेटरांत आणखी तीन छोटे डायोड असतात. इंजिन सुरू झाल्यावर रोटरला लागणारा प्रवाह ते परस्पर स्टेटरमधूनच पुरवतात. रेग्युलेटर बाहेर पडणारे व्होल्ट बघतो आणि रोटरचा प्रवाह कमीजास्त करतो. बाकी सगळं बेअरिंग आणि पट्ट्याचं काम.

एक गोष्ट नवख्यांना हमखास चकवते. डॅशबोर्डवरचा चार्जिंगचा लाल दिवा हा नुसता इशारा नाही. चावी लावल्यावर रोटरला पहिला प्रवाह त्याच बल्बमधून मिळतो. साधारण २ ते ३ वॅटचा तो बल्ब उडाला, तर अल्टरनेटर ठणठणीत असूनही चार्जिंग सुरूच होत नाही, किंवा इंजिनाचा वेग खूप वाढवल्यावर कसंबसं सुरू होतं. त्या जागी एल.ई.डी. बसवून घेतलेल्या गाड्यांची हीच रड असते, कारण एल.ई.डी.तून पुरेसा प्रवाह जात नाही.

गाडीवरच करायच्या चाचण्या

साधा डिजिटल मल्टिमीटर पुरेसा आहे. आधी पट्टा बघा: भेगा, चकाकी, सैलपणा. व्ही-पट्टा पुलीच्या खाचेत दोन्ही बाजूंनी धरून बसायला हवा. खाचेचा तळ चकचकीत दिसत असेल तर पट्टा झिजून तळाला टेकतोय. तो कितीही ताणला तरी भार पडला की घसरणारच.

१. गाडी काही तास बंद असताना बॅटरीचे व्होल्ट घ्या. १२.६ म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे जेमतेम अर्धी, १२च्या खाली म्हणजे जवळपास रिकामी. रिकामी असेल तर चार्जरवर भरून घ्या आणि मगच पुढे जा. उतरलेल्या बॅटरीवर घेतलेले पुढचे सगळे आकडे दिशाभूल करतात.

२. इंजिन बंद ठेवून चावी लावा. लाल दिवा पेटलाच पाहिजे. नाही पेटला तर अल्टरनेटरवरची डी+ किंवा एल लिहिलेली बारीक तार काढून तिचं टोक इंजिनच्या स्वच्छ धातूला लावा. दिवा लागला तर बल्ब आणि तार ठीक आहेत, दोष आत आहे, आणि बहुधा कार्बन संपलेत. नाही लागला तर बल्ब, फ्यूज किंवा तार शोधा. ही चाचणी फक्त बारीक तारेची आहे. बी+ची, म्हणजे अल्टरनेटरच्या मुख्य टोकाची, जाड तार थेट बॅटरीवरून येते, जुन्या गाड्यांत तिच्यावर बऱ्याचदा फ्यूजही नसतो. ती चुकून बॉडीला लागली तर वेल्डिंगसारखी ठिणगी उडते.

३. इंजिन सुरू करून वेग साधारण २००० आर.पी.एम.वर धरा. बॅटरीच्या टोकांवर १३.८ ते १४.५ व्होल्ट हवेत. मग हेडलाइट, ब्लोअर, वायपर सगळं चालू करा. आकडा १३.५च्या खाली घसरता कामा नये. नुसत्या आयडलवर थोडा घसरला तर चिंता नको, तिथे अल्टरनेटर पूर्ण क्षमतेने चालतच नाही. १५च्या वर गेला तर रेग्युलेटर गेला, किंवा त्याला व्होल्ट 'दाखवणारी' तार तुटली.

४. भार चालू ठेवूनच मीटरची एक सुई अल्टरनेटरच्या बी+ बोल्टवर आणि दुसरी बॅटरीच्या धन टोकावर ठेवा. फरक ०.३ व्होल्टपर्यंत चालेल. मग एक सुई अल्टरनेटरच्या बॉडीवर, दुसरी बॅटरीच्या ऋण टोकावर. इथे ०.२च्या आत हवा. जास्त आला तर तुमचा रोग सापडला, आणि इलाज पॉलिश पेपर व तारेचा ब्रश. जुन्या गाड्यांत इंजिन ते चॅसिस ही अर्थची पट्टी सगळ्यात दुर्लक्षित असते.

५. मीटर ए.सी. व्होल्टवर घेऊन बॅटरीवर लावा. ०.५पेक्षा जास्त ए.सी. दिसली तर एखादा डायोड गेला आहे. सोबत भार वाढला की वाढणारी घरघर येत असेल तर शंका राहत नाही. काही मीटर डी.सी.च्याच ठिकाणी ए.सी.चा खोटा आकडा दाखवतात. आधी इंजिन बंद असताना मोजून शून्य येतंय ना, ते बघून घ्या.

६. बॅटरी रात्रीत उतरत असेल, तर सगळं बंद करून बॅटरीची ऋण तार काढा आणि तार व टोक यांच्यामध्ये मीटर अँपिअरवर लावा. जुन्या गाडीत ५० मिलिअँपिअरच्या वर गळती असायचं कारण नाही. असेल, तर मीटर काढून, बॅटरी मोकळी ठेवूनच बी+ची तार सोडवा आणि टोक टेपने गुंडाळा. मीटर परत लावल्यावर गळती थांबली, तर डायोड उलट्या दिशेने प्रवाह सोडतोय. मीटर असा मालिकेत असताना स्टार्टर मारू नका, मीटरचा फ्यूज जाईल.

लाल दिवा चालत्या गाडीत अंधुक, मिणमिणता पेटत असेल, तर त्या तीन छोट्या डायोडांपैकी एखादा गेलेला असतो किंवा बी+च्या वाटेत कुठेतरी व्होल्ट खर्च होत असतात. दिवसा तो दिसत नाही, रात्री बघा.

इंजिन चालू असताना बॅटरीचं टोक काढून 'गाडी बंद पडते का' हे बघायची जुनी पद्धत अजून चालते. डायनामोच्या काळात ती खपून गेली. अल्टरनेटरवर बॅटरीचा आधार अचानक सुटला की व्होल्ट क्षणभर कितीतरी पट उसळतात, आणि चांगले डायोड व रेग्युलेटर त्यातच जातात. कोणीही सांगितलं तरी हे करू नका.

रेग्युलेटर अल्टरनेटरमध्ये नसून गाडीला फेंडरवर त्याची वेगळी डबी असेल, तर ती बॉडीला जिथे स्क्रूने बसते ती जागा खरवडून घासा. तिची अर्थ कच्ची असली की तिला व्होल्ट कमी दिसतात आणि ती चार्जिंग वाढवत नेते. बॅटरीतलं पाणी वारंवार आटत असेल तर आधी इथे बघावं.

उतरवणं

बॅटरीची ऋण तार आधी काढायची. याला अपवाद नाही. मग फोनने सगळ्या बाजूंनी फोटो काढा: तारांचे रंग, टोकांवरची अक्षरं, पट्ट्याचा मार्ग, ब्रॅकेटमधले वॉशर. बारीक तारांवर टेपच्या चिठ्ठ्या लावा. बी+चा नट बहुधा १० किंवा १३चा असतो. तो सोडवताना खालचा बोल्टही फिरू लागला तर थांबा. आत त्याला प्लास्टिकचा बुश आहे, तो तुटला तर पुढे शॉर्ट होईल. गंजरोधक तेल मारून दहा मिनिटं वाट बघा.

पट्ट्याचा ताण सैल करून पट्टा काढा, मग वरचा समायोजनाचा बोल्ट, शेवटी खालचा लांब बोल्ट. तो काढताना एका हाताने अल्टरनेटर पेलून धरा. अंदाजापेक्षा जड असतो. ब्रॅकेटमधून पडलेले पातळ वॉशर जपून ठेवा. पुली सरळ रेषेत यावी म्हणून ते घातलेले असतात.

बऱ्याच जुन्या डिझेल गाड्यांत अल्टरनेटरच्या पाठीवरच ब्रेकचा व्हॅक्यूम पंप असतो. तिथे दोन तेलाचे पाइप आणि एक व्हॅक्यूमचा पाइप आधी सोडवावा लागतो. पाइप काढले की भोकांत स्वच्छ फडकं कोंबा. बॅन्जो बोल्टचे (पाइप धरणाऱ्या पोकळ बोल्टचे) तांब्याचे वॉशर नवे घ्या, जुन्यांतून तेल झिरपतं. हा पंप लक्षात ठेवा, त्याच्याकडे परत यायचं आहे.

उघडायचा की बदलायचा

जुन्या अल्टरनेटरची मोठी सोय म्हणजे तो उघडायलाच बनवलेला असतो. कार्बन, बेअरिंग, रेग्युलेटर, डायोड प्लेट हे चारही भाग सुटे मिळतात आणि बहुतेक दोष याच चारांत असतात. स्टेटर जळून काळा झाला असेल आणि सोबत रोटरही गेला असेल, किंवा पुढच्या कव्हरचा कान (ब्रॅकेटला बोल्टने बसणारा भाग) तुटला असेल, तर दुसरा अल्टरनेटर घेतलेला बरा. कान वेल्ड करून घेण्याच्या भानगडीत आम्ही पडणार नाही. ओतीव अॅल्युमिनियमवरचा तो जोड कंपनात टिकत नाही, आणि वेल्डच्या उष्णतेने बेअरिंगची बैठक वाकडी होते ती वेगळीच.

दुसरा घेताना नुसतं 'याच गाडीचा' एवढ्यावर भागत नाही. जुना शेजारी ठेवून जुळवा: कानांमधलं अंतर, पुलीचा व्यास आणि खाचा, टोकांची अक्षरं व जागा, पंख्याच्या पात्यांची दिशा. पाती तिरकी असलेला पंखा उलट फिरला तर हवा नीट ओढत नाही आणि अल्टरनेटर तापतो. क्षमता वाढवायची असेल तर तारही वाढवावी लागते. ३५ अँपिअरसाठी टाकलेल्या जुन्या तारेवर ६५ अँपिअर सोडले तर ती तापून कवच वितळतं. दोनेक मीटर अंतरासाठी ६० अँपिअरला १६ चौरस मिलिमीटर तांब्याची तार आणि बॅटरीजवळ तिला शोभणारा फ्यूज, असं धरा. डॅशबोर्डवर अँमीटर असेल तर सगळा प्रवाह त्यातूनच जातो. ३० अँपिअरचा मीटर मोठ्या अल्टरनेटरपुढे जळतो, आणि तोही डॅशबोर्डच्या आत.

उघडण्याचा क्रम

लागणारं साहित्य: रिंग पाने व सॉकेट, चांगला स्टार स्क्रूड्रायव्हर, दोन पायांचा बेअरिंग पुलर, व्हाइस, ८० ते १०० वॅटचा सोल्डरिंग आयर्न, रेझिनचं सोल्डर, ४०० नंबरचा पॉलिश पेपर, काँटॅक्ट क्लीनर, जुना व्ही-पट्टा, कार्बन सेट, दोन बेअरिंग.

पहिलं काम खूण करणं. पुढचं कव्हर, स्टेटर आणि मागचं कव्हर या तिन्हींवरून खिळ्याने एक सरळ रेघ ओढा. कव्हर तीन-चार प्रकारे बसू शकतात, त्यांतला एकच ब्रॅकेटला जुळतो.

पुलीचा नट जाम असतो. रोटर पकडायला पंख्यात स्क्रूड्रायव्हर घालायचा मोह टाळा, पाती वाकतात. जुना व्ही-पट्टा पुलीभोवती गुंडाळून त्याची दोन्ही टोकं व्हाइसमध्ये घट्ट आवळा आणि नट सोडा. काही अल्टरनेटरांत शाफ्टच्या तोंडाला षटकोनी खाच असते, तिथे अॅलन की धरून काम होतं. नट, स्प्रिंग वॉशर, पुली, पंखा, स्पेसर, शाफ्टच्या खाचेतली चावी हे निघतील त्याच क्रमाने एका तारेत ओवून ठेवा. स्पेसर विसरला की पंखा कव्हरला घासतो.

मागे दोन स्क्रूवर बसलेला रेग्युलेटर व कार्बन होल्डर असेल, तर कव्हर वेगळं करण्याआधीच तो काढा. रोटर बाहेर ओढला जाताना कार्बन बेअरिंगला अडकून मोडतात, आणि नवखे हमखास इथेच फसतात. होल्डर आत असेल तर मागच्या कव्हरला बारीक भोक असतं का बघा; जोडताना ते लागणार आहे.

मग लांब बोल्ट काढा. स्टेटरच्या तारा मागच्या डायोड प्लेटला जोडलेल्या असतात, म्हणून स्टेटर मागच्या कव्हरसोबतच राहू द्यायचा आणि फट पुढचं कव्हर व स्टेटर यांच्यामध्ये काढायची. स्क्रूड्रायव्हरचं टोक दोन मिलिमीटरपेक्षा आत जाऊ देऊ नका, लगेच मागे तांब्याची वेटोळी आहेत. रबरी हातोडीने शाफ्टच्या तोंडावर हलके ठोके देऊन रोटर पुढच्या कव्हरमधून काढा. आधी नट दोन आटे लावून ठेवला तर शाफ्टचे आटे वाचतात.

भाग तपासणं

रोटर: दोन स्लिप रिंगांमध्ये रोध मोजा. १२ व्होल्टच्या रोटरला साधारण २.५ ते ५ ओहम हवा; मीटरच्या सुया एकमेकींना लावून येणारा आकडा आधी वजा करा. अनंत आला तर वेटोळं तुटलं आहे, बहुतेकदा रिंगेजवळच्या सोल्डरला, आणि ते नव्याने जोडता येतं. दीड-दोन ओहम आला तर आतल्या आत शॉर्ट आहे. अशा रोटरवर नवा रेग्युलेटर बसवला की तो थोड्याच दिवसांत जळतो आणि लोक रेग्युलेटरलाच नावं ठेवतात. मग रिंग आणि शाफ्ट यांच्यामध्ये मोजा, तिथे अनंतच हवा. सुया लावून ठेवून रोटर हलवून बघा. आकडा उड्या मारत असेल तर सांधा ढिला आहे. गाडी गरम झाल्यावर चार्जिंग जाण्यामागे हे कारण निघतं.

रोटरच्या नखांवर (बाहेरच्या लोखंडी दातांवर) एका बाजूला घासल्याची चकाकी दिसली तर तो स्टेटरला लागत होता. म्हणजे बेअरिंग फारच उशिरा बदलली जातेय.

स्लिप रिंग: तपकिरी, गुळगुळीत आणि गोल असेल तर उत्तम. काळी पडली असेल तर ४०० नंबरच्या पॉलिश पेपरची पट्टी तिच्याभोवती धरून रोटर फिरवा. एका जागी घासलं तर सपाट खड्डा पडतो. एमरीचा काळा कापड वापरू नका, त्याचे कडक कण तांब्यात रुततात आणि नवे कार्बन कुरतडतात. बोटाच्या नखाला खोल खाच लागत असेल तर लेथवर हलका हात मारून घ्यावा किंवा रिंगच बदलावी.

कार्बन: होल्डरमधून बाहेर आलेला भाग ५ मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर बदलायचे. उघडलंच आहे तर जास्त असले तरी बदला. तार सोल्डर केलेल्या कार्बनमध्ये एक बारीक गोम आहे. सोल्डर वेणीसारख्या मऊ तारेत केशाकर्षणाने वर चढतं, तार काडीसारखी ताठ होते, आणि कार्बन झिजल्यावर स्प्रिंगला तो खाली ढकलता येत नाही. सांध्याच्या लगेच वर तार पक्कडीने धरून ठेवा, उष्णता पक्कड शोषते आणि सोल्डर तिथेच थांबतं. नंतर कार्बन बोटाने दाबून सोडा. तो अडखळता कामा नये.

स्टेटर: तीनही तारा डायोड प्लेटपासून सोडवून एकमेकींमध्ये सलगता आणि लोखंडी गाभ्याशी अनंत रोध हवा. वेटोळ्यातला शॉर्ट साध्या मीटरला कळत नाही, कारण चांगल्या वेटोळ्याचाही रोध एक ओहमच्या खूप खाली असतो. इथे डोळे आणि नाक जास्त कामाचे. तीनांपैकी एकच वेटोळं काळवंडलं असेल तर बहुधा त्याचा डायोड शॉर्ट झालेला असतो. अशा वेळी नुसता स्टेटर बदलला तर नवाही जळेल.

डायोड: मीटर डायोडच्या खुणेवर घेऊन प्रत्येक डायोड दोन्ही दिशांनी बघा. एका दिशेला ०.४ ते ०.७, दुसरीकडे काहीच नाही, असं हवं. दोन्हीकडे शून्य म्हणजे शॉर्ट, दोन्हीकडे काहीच नाही म्हणजे तुटलेला. मीटरचा प्रवाह नगण्य असल्याने काही आजारी डायोड यातून सुटतात. त्यामुळे १२ व्होल्टची बॅटरी आणि २१ वॅटचा बल्ब मालिकेत लावून पुन्हा बघावं. एका दिशेला बल्ब लख्ख, दुसरीकडे पूर्ण अंधार. अंधुक पेटला तरी प्लेट बदला. तारा सोल्डर करताना चांगला तापलेला आयर्न वापरून काही सेकंदांत काम उरका आणि डायोडचा पाय पक्कडीने धरा. आम्लाचा फ्लक्स इथे चालत नाही, तो नंतर सांधा खातो.

बेअरिंग: जुन्यावरचा नंबर वाचा. पुढे बऱ्याचदा ६२०३ किंवा ६३०३ असतो, मागचा लहान असतो. दोन्ही बाजूंनी रबरी सीलचा, म्हणजे २आरएस, आणि उष्णतेसाठी थोडी जास्त फट ठेवलेला सी३ घ्या. नुसत्या पत्र्याच्या झाकणाचा धुळीत टिकत नाही. मागचा बेअरिंग पुलरने निघतो. नवा बसवताना जोर कुठे द्यायचा हे महत्त्वाचं: शाफ्टवर चढवताना आतल्या कड्यावर, कव्हरमध्ये बसवताना बाहेरच्या कड्यावर. उलट केलं तर गोळ्यांच्या वाटेवर खड्डे पडतात आणि नवाकोरा बेअरिंग पहिल्याच दिवशी गुरगुरतो. पुढचं कव्हर ८०-९० अंशांपर्यंत तापवलं तर बेअरिंग जवळजवळ हाताने बसतो. त्याच्यावरची पट्टी धरणारे स्क्रू चिकटलेले असतात. बरोबर मापाचा बिट लावून इम्पॅक्ट ड्रायव्हरने एक ठोका द्या, साध्या स्क्रूड्रायव्हरने खाच गेली की ड्रिल आलंच.

मागच्या बेअरिंगभोवती प्लास्टिकचं कडं असेल तर नवं टाका. ते गेलं की बेअरिंग कव्हरमध्ये गरगर फिरतो आणि बैठक खातो. बैठकीला पंचचे टिपके मारून बेअरिंग अडकवणं हा काही दिवसांचा इलाज आहे.

आता व्हॅक्यूम पंप. उघडल्यावर आत तेल आणि कार्बनची भुकटी यांचा काळा चिखल दिसला, तर पंपाकडचं शाफ्ट सील गेलंय. ते बदलल्याशिवाय नवे कार्बन टाकणं व्यर्थ. तेलात भिजलेला कार्बन रिंगेवर नीट टेकत नाही.

सफाई करताना सुटे भाग रॉकेलच्या डब्यात बुडवू नका. वेटोळ्यांवर मऊ ब्रश, काँटॅक्ट क्लीनर आणि हवा एवढंच.

जोडणी

उलट क्रमाने जायचं, पण दोन ठिकाणी सावकाश. पहिलं, बी+ बोल्टचे इन्सुलेटर. या बोल्टभोवती एक प्लास्टिकचा किंवा फायबरचा बुश आणि एक-दोन वॉशर असतात. दिसायला क्षुल्लक, टेबलावरून घरंगळणारे. यांतला एक राहिला तर बॅटरीचं धन टोक थेट अल्टरनेटरच्या बॉडीला, म्हणजे ऋणाला, जोडलं जातं. म्हणून डायोड प्लेट कसल्यावर लगेच मीटर डायोडवर घेऊन लाल सुई बी+वर आणि काळी बॉडीवर लावा: काही दिसता कामा नये. सुया उलट केल्या की दोन डायोडांचे मिळून एक व्होल्टच्या आसपास दिसतील. दोन्हीकडे शून्य आलं तर पुन्हा उघडा. गाडीवर बसवून बघायची ही गोष्ट नाही. दुसरीकडे, डायोड प्लेट व कव्हर यांच्या धातूला धातू टेकणाऱ्या जागांवर रंग लावू नका. अर्थ तिथूनच जाते, उष्णताही तिथूनच.

दुसरं, कार्बन. होल्डर आत असेल तर कार्बन दाबून मागच्या भोकातून ताठ बारीक तार घाला, ती त्यांना वर धरून ठेवते. कव्हर बसवून बोल्ट कसले की तार ओढून घ्या. दोन कार्बन रिंगेवर बसल्याचा 'टिक' ऐकू येतो. तार काढायची राहिली तर चार्जिंग शून्य.

खुणेची रेघ जुळवा, लांब बोल्ट समोरासमोर थोडेथोडे आवळा, प्रत्येक फेरीनंतर रोटर हाताने फिरवा. कार्बनचा हलका विरोध जाणवेल, पण घासल्याचा आवाज नको. अडकत असेल तर एखादं कव्हर वाकडं बसलंय. पुलीचा नट कसून झाल्यावर पुन्हा एकदा फिरवून बघा.

गाडीवर बसवणं आणि पहिला स्टार्ट

बॅटरी चार्जरने पूर्ण भरून घ्या. मेलेली बॅटरी भरायचं काम नव्या जोडणीच्या अल्टरनेटरवर टाकलं तर तो पहिल्याच तासात पूर्ण भाराने तापतो.

ब्रॅकेट आणि कानांच्या टेकणाऱ्या जागा घासून चकचकीत करा. मागच्या कानात सरकणारा धातूचा बुश असतो, बोल्ट आवळला की तो सरकून फट भरतो. गंजून अडकला असेल तर आवळताना कानच तुटतो. आधी ठोकून मोकळा करा. पुली इंजिनच्या पुलीशी सरळ रेषेत आहे का, ते सरळ पट्टी धरून बघा आणि गरज असेल तिथे जुने वॉशर परत घाला.

पट्टा ताणताना टॉमीचा (लोखंडी दांड्याचा) जोर पुढच्या कव्हरवरच द्या. मागच्या कव्हरवर किंवा स्टेटरवर दिला तर तडा जातो. दोन पुल्यांमधल्या पट्ट्याच्या सर्वांत लांब भागाच्या मध्यावर अंगठ्याने साधारण १० किलोचा दाब दिल्यावर तो १० मिलिमीटर दबावा. जास्त ताणलेला पट्टा जास्त वाईट, कारण पुढचा बेअरिंग आणि पाण्याच्या पंपाचा बेअरिंग दोन्ही जातात.

पाठीवर व्हॅक्यूम पंप असेल तर बसवण्याआधी त्याच्या तेलाच्या भोकात चमचाभर इंजिन ऑइल घालून शाफ्ट हाताने फिरवा. कोरडा पंप पहिल्या काही सेकंदांतच ओरखडतो. इंजिन सुरू झाल्यावर गाडी जागेवर उभी ठेवूनच ब्रेक दाबून बघा. पेडल कडक लागत असेल तर व्हॅक्यूम तयार होत नाहीये, रस्त्यावर नेऊ नका.

तारा जोडा, बी+चा नट घट्ट करा आणि त्याची रबरी टोपी चढवा. बॅटरीची ऋण तार सगळ्यात शेवटी. ती लावताना इवलीशी ठिणगी ठीक. मोठी उडाली तर तार लगेच उचला आणि बी+ पुन्हा तपासा. चावी लावा: लाल दिवा पेटला. इंजिन सुरू: दिवा विझला. काही अल्टरनेटरांत एकदा ॲक्सिलरेटर थोडा दाबल्याशिवाय तो विझत नाही, हा दोष नव्हे. व्होल्ट घ्या, सगळा भार चालू करून पुन्हा घ्या, ए.सी. मोजा. नवे कार्बन रिंगेवर पूर्ण बसेपर्यंत आकडा किंचित कमी असू शकतो.

पाचेक मिनिटांनी इंजिन बंद करून बी+चा नट आणि तारेचं टोक हात जवळ नेऊन बघा. आसपासच्या धातूपेक्षा ते जास्त तापलं असेल तर टोकाचा क्रिम्प (दाबून बसवलेला सांधा) ढिला आहे. नवा पट्टा अर्ध्या तासाच्या चालण्यातच थोडा सैल पडतो. तेवढं चालवून, थंड झाल्यावर ताण पुन्हा मोजा आणि दोन्ही बोल्ट परत एकदा आवळा.